दम आणि दाम

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा मागे टाकून पेणच्या दिशेने निघाली की जिते नावाचे एक लहानसे स्थानक लागते. पुढे हमरापूर, त्यानंतर पेण. या पट्ट्याची बाहेरच्या जगाला असलेली ओळख म्हणजे गणपतीच्या मूर्ती. हमरापूर-जोहे परिसरातल्या कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती देशभर जातात आणि परदेशातही जातात. या पट्ट्याची दुसरी ओळख मात्र बाहेर फारशी पोचलेली नाही. भातकापणी आटोपली, झोडणी झाली, वालाच्या शेंगांच्या पोपट्या लागू लागल्या की एखाद्या मोकळ्या शेतातली ढेकळे फोडून, पाणी मारून, चोपून एक चौक तयार केला जाई. त्यावर फक्कीच्या रेषा पडत, कडेला बांबूंवर दिवे चढत आणि रात्र रात्र कबड्डीचे सामने चालत. ग्रामदैवताची यात्रा आणि कबड्डीचे सामने ही जोडी रायगड जिल्ह्यात इतकी पक्की आहे की एकाशिवाय दुसऱ्याची कल्पनाच करवत नाही.

वरच्या वाक्यांत भूतकाळ आणि वर्तमानकाळ यांची सरमिसळ झाली आहे, ती जाणूनबुजून. सामने अजूनही होतात. पूर्वीपेक्षा अधिक दिमाखात होतात. बदलले आहे ते शेत. ज्या शेतात ते होत, ते शेत दरवर्षी त्याच जागी असेल याची खात्री आता उरलेली नाही.

आधुनिक खेळाच्या राजकारणाविषयी आणि त्याच्या सामाजिक किमतीविषयी आपल्याकडे जे लेखन होते, ते बहुधा स्टेडियमपासून सुरू होते. क्रिकेट मंडळाची तिजोरी, खेळाडूंचे लिलाव, सट्टेबाजी, निवड समितीतले हेवेदावे हे सगळे विषय महत्त्वाचे आहेतच. पण त्या चर्चेत खेळ हा मुळातच शहरी, दूरचित्रवाणीवर पाहण्याचा व्यवहार मानलेला असतो आणि त्याची किंमतही मग प्रेक्षकाच्याच हिशेबाने मोजली जाते. उलट बाजूने, म्हणजे जितेसारख्या गावातल्या शेताच्या बांधावरून पाहिले तर हिशेब वेगळा दिसतो. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न आहे.

*

कबड्डी हा खेळ किती प्राचीन आहे याविषयी अभिमानाने पुष्कळ सांगितले जाते. त्यात पडण्याचे कारण नाही. आज आपण ज्याला कबड्डी म्हणतो तो मात्र बऱ्याच अंशी विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने बांधलेला खेळ आहे. हुतुतूच्या नाना स्थानिक पद्धती होत्या. त्यांतून एक नियमबद्ध खेळ घडवण्याचे काम पुण्यापासून बडोद्यापर्यंतच्या व्यायामसंस्थांनी केले. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे शंकरराव साळवी, म्हणजेच सर्वांचे बुवा साळवी, यांच्यासारख्या कार्यकर्त्याने आयुष्य खर्ची घातले. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली आणि 1990 मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की कबड्डी 'शुद्ध ग्रामीण' होती आणि बाजाराने ती बिघडवली, अशी भाबडी मांडणी मला करायची नाही. नियम करणे, संघटना बांधणे, स्पर्धा भरवणे या आधुनिक गोष्टी आहेत आणि कबड्डीने त्या आनंदाने स्वीकारल्या. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगाराने हा खेळ नेला, चाळींमधल्या मंडळांनी तो जोपासला. गिरण्या, बँका, रेल्वे, पोलीस अशा आस्थापनांच्या संघांनी खेळाडूला नोकरी दिली. या व्यवस्थेत पैसा थोडा होता, पण एक साधा करार होता: तू आमच्यासाठी खेळ, गुडघा निकामी झाला तरी तुझी नोकरी राहील. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. पुढच्या दशकांत कायमस्वरूपी नोकऱ्या सगळीकडेच आटत गेल्या. कबड्डीचे आधुनिकीकरण आणि खेळाडूचे असुरक्षित होणे या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या. त्यांतली पहिली आपण साजरी केली, दुसरीकडे मात्र आपले लक्षही गेले नाही.

26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. ज्या खेळाला इंग्रजी शाळांतली मुले हसत, तो खेळ झगमगीत दिव्यांखाली, निळ्या-नारिंगी मॅटवर, दिवाणखान्यात आला. या घटनेचे मोल कमी लेखू नये. आगरी, कोळी, कुणबी, कातकरी मुलांनी जो खेळ अंगाला माती लावून खेळला होता, त्याला प्रतिष्ठा मिळताना पाहण्यात एक न्याय होता. पहिल्या हंगामात सर्वांत महाग खेळाडूवर, राकेश कुमारवर, 12 लाख 80 हजारांची बोली लागली होती. 2023 मध्ये पवन सेहरावतवरची बोली 2 कोटी 60 लाखांच्या पुढे गेली. नऊ वर्षांत वीस पट. भारतात दुसऱ्या कोणत्या शारीरिक श्रमाचा भाव या वेगाने वाढला असेल?

पण दामाबरोबर दमाचेही गणित बदलले. जुन्या हुतुतूत चढाईचे घड्याळ म्हणजे चढाई करणाऱ्याचा श्वास. दम टिकेल तितका वेळ तुमचा. दम तुटला की तुम्ही बाद. आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे, सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा खेळाडू बाद. यामुळे खेळ वेगवान आणि प्रेक्षणीय झाला, यात शंका नाही. मात्र घड्याळ खेळाडूच्या छातीतून निघून प्रक्षेपणाच्या पडद्यावर गेले. ज्याच्या हाती घड्याळ, त्याच्या हाती खेळ, हे गिरणीच्या भोंग्याने आपल्याला कधीच शिकवले आहे.

मातीचेही तसेच. जिते-हमरापूरकडचा मुलगा मातीवर शिकतो. निवड चाचणी मात्र मॅटवर असते. मातीवर पाय घसरतो, मॅटवर तो रुततो. वळताना सगळा भार गुडघ्यावर येतो. मॅटचा संच घ्यायचा तर लाखांची गोष्ट, तो ठेवायला छप्पर हवे, वर बूट हवेत. ज्या मंडळाला हे जमते त्याची मुले पुढे सरकतात, बाकीची 'चांगली खेळतात' एवढ्यावर राहतात. आणि गुडघा गेलाच, तर त्या मुलाची पुढची कहाणी या पट्ट्यात कोणालाही ओळखीची वाटेल. आधी गावठी मालिश, मग पेणचा दवाखाना, मग पनवेलला एमआरआय, मग शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून परत मालिश. दोन हंगामांनंतर तो मुलगा कडेला गुण लिहिताना दिसतो आणि पावसाळ्याआधी मूर्तींच्या कारखान्यात, पाय दुमडून बसता येत नाही म्हणून, उभ्याने रंगकाम करतो. लिलावात कोटींची बोली लागलेला एक खेळाडू तयार होण्यासाठी असे किती गुडघे खर्ची पडतात, याची नोंद कोणी ठेवत नाही. कारखान्यात अपघात झाला तर निदान पंचनामा होतो.

मुलींबद्दल तर बोलायलाच नको, असे म्हणून आपण खरोखरच बोलत नाही. म्हणून दोनच गोष्टी नोंदवतो. प्रो कबड्डीच्या आयोजकांनी 2016 मध्ये महिलांसाठी तीन संघांची एक स्पर्धा घेऊन पाहिली. ती त्या एकाच हंगामापुरती राहिली. त्याच देशाच्या महिला संघाने 2025 मध्ये आधी इराणला आशियाई अजिंक्यपद मिळवले आणि नंतर ढाक्याला विश्वचषक. पुरुषांसाठी बाजार आणि बायकांसाठी राष्ट्राभिमान, अशी ही वाटणी आहे. राष्ट्राभिमानाने सत्कार होतो, गुडघ्याची शस्त्रक्रिया होत नाही.

*

आता राजकारणाकडे वळू. खेळात राजकारण नको, असे वाक्य आपल्याकडे ऊठसूट फेकले जाते. वास्तविक खेळ म्हणजे माणसे जमवणे आणि राजकारण म्हणजेही माणसे जमवणे. दोघांची भेट होणे अपरिहार्य आहे. प्रश्न एवढाच की त्या भेटीत कोण कोणाच्या घरी पाहुणा असतो.

मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या दोन निवडणुका पाहा. 2001 मध्ये अजित वाडेकर शरद पवारांकडून हरले. 2011 मध्ये दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून हरले. देशमुख त्या वेळी केंद्रीय मंत्री होते. वेस्ट इंडीज आणि इंग्लंडला त्यांच्याच मैदानांवर हरवणारा एक कप्तान आणि लॉर्ड्सवर तीन शतके काढणारा दुसरा, हे दोघेही स्वतःच्या खेळाच्या घरात मते मिळवू शकले नाहीत. यात पवार किंवा देशमुख यांनी काही गैर केले असे म्हणण्याचा हेतू नाही; क्लबांच्या प्रतिनिधींनी रीतसर मते दिली. मुद्दा असा की त्या प्रतिनिधींना काय हवे होते. त्यांना मैदानाचा पट्टा, परवानगी, अनुदान, पोलीस बंदोबस्त हवा होता, आणि या गोष्टी कव्हर ड्राइव्ह मारून मिळत नाहीत. खेळाची किल्ली जोवर मंत्रालयात आहे, तोवर खेळाची खुर्ची खेळाडूला मिळणार नाही. 2016 मध्ये लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्या, मंत्र्यांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना क्रिकेटच्या खुर्च्या सोडाव्या लागल्या. पण माणसे बदलली म्हणून किल्लीची जागा बदलली, असे झाले नाही.

कबड्डीचे तर याहून वाईट. राष्ट्रीय महासंघाची सूत्रे जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे 1984 पासून जवळजवळ तीन दशके होती. नंतर ती त्यांच्या पत्नीकडे गेली. माजी खेळाडू न्यायालयात गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या निवडी रद्द करून प्रशासक नेमला. तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था इतकी लांबली की आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संघ पाठवण्याचाच प्रश्न उभा राहिला. अखेर फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार निवडून आलेल्या समितीकडे सोपवण्यास सांगितले, तेव्हा खेळाडूंचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात क्रीडा मंडळ आहे, न्यायाधिकरण आहे; माहितीचा अधिकार मात्र सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांपुरताच राहिला. श्रीमंत संघटनेला पारदर्शकतेतून सूट आणि गरीब संघटनेला सक्ती, अशी ही अजब समता आहे.

हे झाले दिल्ली-मुंबईचे. गावात तेच लहान आकारात दिसते. निवडणुका जवळ आल्या की रायगडमध्ये चषकांचे पीक येते. आमदार चषक, सरपंच चषक, भाऊ, दादा, शेठ यांच्या वाढदिवसानिमित्तचे चषक. कबड्डीच्या जोडीला टेनिस चेंडूचे क्रिकेट आले आहे, बक्षिसाला मोटारसायकल असते, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असते आणि समालोचक दर षटकाआड 'आपले लाडके' म्हणून कोणाचे तरी नाव घेत असतो. ही मंडळे म्हणजे पक्षांच्या रोपवाटिका आहेत. ज्या मुलाने पाच वर्षे मांडव घातला, वर्गणी गोळा केली, भांडणे मिटवली, तो सहाव्या वर्षी बूथ सांभाळतो. पूर्वीही हे होतेच. शेतकरी कामगार पक्षाच्या ऐन भरात याच मंडळांतून कार्यकर्ते घडले, मोर्चे निघाले. फरक असा की त्या काळी मंडळ पक्षाला माणूस देई, आता पक्ष मंडळाला बॅनर देतो.

सरकारही या रोपवाटिकेला खतपाणी घालते. ऑगस्ट 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, गोविंदांना सरकारी नोकऱ्यांतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणात वाटा देण्याची घोषणा झाली आणि थरावरून पडून मृत्यू झाल्यास वारसाला दहा लाख रुपये देण्याचे ठरले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी त्यावर संताप व्यक्त केला, तो स्वाभाविक होता. पण त्या घोषणेतला सर्वांत बोलका भाग मला तो दहा लाखांचा आकडा वाटतो. 2014 मध्ये उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर आणि लहान वयाच्या गोविंदांवर मर्यादा घातल्या होत्या. म्हणजे प्रश्न उंची कमी करण्याचा होता. आपण त्याचे उत्तर उंचीचा भाव ठरवून दिले.

*

सामाजिक किंमत म्हटली की महाराष्ट्राला 2016 चा उन्हाळा आठवतो. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. खेळपट्ट्यांवर साठ लाख लिटर पाणी खर्च होईल, असे याचिकेत म्हटले होते. एकीकडे घागरीसाठी रांग आणि दुसरीकडे हिरवळीवर फवारे, हे चित्र असह्य होते आणि न्यायालयाची चीड रास्त होती.

तरीही थोडे गणित करून पाहू. उसाला वर्षाकाठी साधारण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर. साठ लाख लिटर पाणी पाऊण एकर उसालाही वर्षभर पुरत नाही. दुष्काळी मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखाने वाढत गेले, तेव्हा तो प्रश्न इतक्या तातडीने न्यायालयासमोर उभा राहिला नाही. खेळ दिसतो म्हणून तो सापडला. ऊस दिसत नाही, कारण तो राज्यकर्त्यांच्या घरातलाच असतो. सामने गेले, सर्वांना काहीतरी केल्यासारखे वाटले, आणि पाण्याच्या वाटपाचा मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला. खेळाला दोषी ठरवणे हेही कधी कधी एक नाट्य असते, आणि त्यात प्रेक्षक आपणच असतो. आधुनिक खेळाची टीका करणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे विसरू नये.

पेण तालुक्याला पाण्याचे हे नाट्य नवे नाही. भोगेश्वरी नदीवरचे हेटवणे धरण याच तालुक्यात आहे. ते शेतीच्या सिंचनासाठी म्हणून सांगितले गेले. कालव्यांची कामे वर्षानुवर्षे अपुरी राहिली आणि धरणातले पाणी सिडकोच्या जलवाहिनीतून नवी मुंबईकडे जाऊ लागले. खारेपाटातल्या वाशी-शिर्की पट्ट्यातल्या बायका हंड्यासाठी मोर्चे काढत राहिल्या. आता नवी मुंबईत काय काय उभे राहिले पाहा: नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, खारघरच्या डोंगरकुशीतले सिडकोचे गोल्फचे मैदान, त्याच खारघरमधले फुटबॉलचे केंद्र. या मैदानांवरच हेटवणेचे पाणी जाते, असा आरोप मी करत नाही. आत्ताच मांडलेल्या गणितानंतर तसे करणे शोभणारही नाही. मुद्दा क्रमाचा आहे. शहराच्या आराखड्यात गोल्फला जागा मिळते, कारण आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोल्फ खेळणारा माणूस असतो. भात निघून गेलेले शेत हे कोणाचे तरी क्रीडांगण असते, हे त्याच्या डोळ्यांसमोर नसते. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'भात' एवढीच असते.

*

म्हणून हा विषय शेवटी जमिनीपाशी येतो. नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन गेली. मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये जासईत आणि परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा मीही सर्वांसारखा हरखलो. त्या आनंदात खोट नव्हती. पण ज्या नगराच्या पोटात ते स्टेडियम आहे ते नगर कोणाच्या शेतावर उभे राहिले, याची आठवण ठेवल्याने आनंद कमी होत नाही, फक्त जबाबदार होतो.

पेणची पाळी 2000 नंतरच्या दशकात आली. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याचे घाटत होते. हेटवणेच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी आमची जमीन ओलिताची आहे, ती वगळा, असा आग्रह धरला आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी तेथे जनमत घेण्यात आले. असे जनमत ही आपल्या देशातली दुर्मीळ घटना होती. पुढे प्रकल्प बारगळला. गावे जिंकली असे आपण म्हटले. परंतु जी जमीन सरकारी अधिसूचनेने गेली नाही, ती पुढे गुंठ्यागुंठ्याने, दलालामार्फत, स्वखुशीने गेली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या 124 गावांच्या क्षेत्रात नवनगर उभारण्यासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. 'तिसरी मुंबई' हा शब्द आता पाटीवर नाही, भावात ऐकू येतो.

आणि इथे वर्तुळ पूर्ण होते. चषकाच्या बक्षिसाची मोटारसायकल कुठून येते? पुष्कळदा ती जमिनीच्या व्यवहारातून येते. शेत विकले जाते, त्यातला पैसा शेठच्या, दलालाच्या, कंत्राटदाराच्या हाती खेळतो, त्यातला एक वाटा चषकाला जातो, चषकातून नाव होते, नावातून उमेदवारी. ज्या शेतात सामने होत, ते शेत विकून आलेल्या पैशातून दुसऱ्याच्या भाड्याच्या मैदानात सामने होतात. खेळ स्वतःचेच मैदान खाऊन मोठा होतो आहे. यात खलनायक शोधायला गेलो तर सापडत नाही. भात परवडत नाही, उधाणाचे पाणी बांध फोडते, मुलाला शेतीत राहायचे नाही, मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत; विकणाऱ्याची कारणे खरी आहेत. मैदान वाचवण्यासाठी शेतकऱ्याने गरीब राहावे, अशी अपेक्षा शहरातून करणे हा तर निव्वळ निर्लज्जपणा ठरेल.

*

मग मागायचे तरी काय? खेळ बंद करा, लीग बंद करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. लीगने मिळवून दिलेली प्रतिष्ठा परत करण्याची गरज नाही. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत, 2036 च्या ऑलिंपिकची स्वप्ने पाहिली जात आहेत. येत्या दहा वर्षांत खेळाच्या नावाने प्रचंड पैसा खर्च होणार हे उघड आहे. त्यातला थोडा भाग कोठे जावा, एवढे तरी आपण सांगू शकतो.

पहिली मागणी नकाशाची. नवनगराचा आराखडा होईल तेव्हा 124 गावांपैकी प्रत्येक गावाच्या नावाने, गावठाणाला लागून, एक सार्वजनिक मैदान त्यात असले पाहिजे. ते ग्रामस्थांच्या ताब्यात असावे, ट्रस्टच्या किंवा क्लबच्या नव्हे. क्रीडांगणाचे आरक्षण बदलून तेथे दुसरेच काही उभे राहण्याची कला आपल्या शहरांनी चांगलीच आत्मसात केली आहे, म्हणून हे आरक्षण बदलता येणार नाही अशी तरतूद आराखड्यातच हवी. दुसरी मागणी शरीराची. नोंदणीकृत स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या दुखापतीच्या उपचाराचा खर्च स्पर्धेच्या खर्चातच धरलेला असला पाहिजे. मांडव, ध्वनिक्षेपक आणि बक्षीस यांच्याही आधी. दहीहंडीच्या मृत्यूचा दर ठरवता येतो, तर कबड्डीच्या गुडघ्याची व्यवस्था का करता येऊ नये? तिसरी मागणी हिशेबाची. चषकाच्या फलकावर ज्याचे नाव, त्याने किती दिले आणि ते कोठे खर्च झाले, हे त्याच फलकावर लिहावे. ही कायद्याची बाब नाही. मंडळांच्या पोरांनी ठरवले तर पुढच्या यात्रेपासून होऊ शकते.

या मागण्या फार लहान आहेत, असा आक्षेप येईल. भांडवलाच्या आणि राजकारणाच्या एवढ्या मोठ्या प्रवाहापुढे गावचे एक मैदान ते काय, असेही कोणी विचारील. माझे म्हणणे एवढेच की कबड्डीचा चौक फार मोठा नसतोच. पुरुषांसाठी तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास. भोवती माणसे उभी राहायला आणखी चार-पाच गुंठे धरा. शेकडो चौरस किलोमीटरच्या नवनगरात प्रत्येक गावामागे एवढी जागा मागणे ही काही क्रांती नव्हे. ती जागाही देता येत नसेल, तर आपण उभारतो आहोत ते नगर कोणासाठी, हे मात्र स्पष्ट होईल.

येत्या माघात या पट्ट्यात पुन्हा फक्कीच्या रेषा पडतील. ज्यांची शेते अजून शिल्लक आहेत, त्यांच्यापैकी कोणीतरी आपले शेत चार रात्रींसाठी देईल, आणि सामने संपल्यावर नांगरणीपर्यंत त्यावर पोरे खेळत राहतील. त्याबद्दल तो भाडे मागणार नाही, फलकावर त्याचे नाव असणार नाही. आपल्या क्रीडाक्षेत्राचा सर्वांत जुना प्रायोजक तोच आहे. त्याच्याकडे जमीन आहे तोवरच.